शेकलेली काच

१९५७. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, आष्टीच्या बाजाराचा आदला दिवस. हजर: घरची मावशी, तिच्या चार लेकी, चौघीही सासरी नांदणाऱ्या, थोरलीचा नवरा, लेकींची लहान पोरे, जी एका जागी न थांबल्याने मोजता आली नाहीत, आणि मी, आर्वीचा फोटोग्राफर. गैरहजर: घरधनी. ते शेतावर जागलीला होते. "मले कशाले पायजे फोटो," एवढे सांगून गेले होते.

काम एकच होते: चार बहिणींचा एकत्र फोटो. धाकटीचे लग्न झाल्यापासून चौघी पहिल्यांदाच एका वेळी माहेरी आल्या होत्या. धाकटीच्या नवऱ्याची रेल्वेत बदली होऊन ती आता भुसावळला जाणार होती, आणि थोरली तर दुसऱ्याच दिवशी पहाटे रोहण्याला परत निघणार होती. चौघी पुन्हा कधी जमतील याचा मावशीला भरवसा नव्हता. म्हणून तिने मला मुद्दाम निरोप धाडून बोलावले होते.

माझा कॅमेरा लाकडी, तिपाईवरचा, काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा. परगावी जाताना तीन काचा न्यायच्या, दोन वापरायच्या आणि एक राखून ठेवायची, हा माझा नियम. हिवाळ्यासाठी आणखी दोन नियम आहेत: धुके उठल्याशिवाय तिपाई मांडायची नाही, आणि गार कॅमेरा चुलीजवळ न्यायचा नाही. त्या दिवशी दुसरा नियम मोडला. मावशीने चहाला आत बोलावले, मी कॅमेऱ्यासकट गेलो, आणि भिंगावर असे दव धरले की समोरची चूलसुद्धा दिसेना. ते पुसत बसलो तेवढ्यात ऊन वर आले, हे बरेच झाले.

बहिणींना अंगणात उभे केले. एकीच्या अंगावरची शाल सुटेना, दुसरीचे दात वाजत होते. मावशी पोरांना धरून माझ्या पाठीमागे उभी राहिली. मी तिला म्हटले, "तुम्हीही या ना मावशी."

"मी आली तं हे सारे उंदरं मागून येतीन," ती म्हणाली. "तुमी काढा."

तरी एक उंदीर निसटलाच आणि पहिल्या काचेत मधोमध धावला. दुसरी काच मात्र मनासारखी झाली.

तिच्यावर चित्र नीट उठले की नाही हे थोरली निघण्याआधी कळायला हवे होते, म्हणून दिवेलागणीला त्यांच्या धान्याच्या कोठीतच ती धुवायला घेतली. कंदिलाला लाल कागद गुंडाळला. रसायन इतके गार पडले होते की काचेवर काही उठेना. मावशीने दाराआडून विचारले, "काऊन, का झालं?"

"गारठलंय. थोडं गरम पाणी द्या. ऊब मिळाली की चित्र उठतं."

तिने पाणी दिले, मी त्यात रसायनाची थाळी ठेवली आणि चौघी एकामागून एक उमटल्या. काच धुऊन खिडकीत वाळत ठेवली. थोरलीला सांगितले, "छान आलाय, खुशाल जा." मी गाढ झोपलो.

सकाळी उठलो तेव्हा थोरली आणि तिचा नवरा बैलगाडीने निघून गेले होते. खिडकीत काच नव्हती. ती शेगडीजवळ विटेला टेकवलेली होती. काचेवरचा थर उष्णतेने वितळून दुधावरच्या सायीसारखा खाली सरकला होता, आणि चारही चेहरे त्याच्याबरोबर.

"रातभर थंडीत होती, ओलीच्या ओली," मावशी म्हणाली. "मंग म्या शेकली."

ऊब मिळाली की चित्र उठते, हे माझेच वाक्य होते आणि तिने ते मनापासून ऐकले होते. मी काच उजेडात धरून सांगितले की यातून आता काही निघणार नाही. मावशी हात पदराला पुसत राहिली. हात कोरडेच होते.

शेवटी दुसऱ्या नंबरची म्हणाली, "मायनं बाळंतपणात शेकलं, तितकं कमी पडलं. आता फोटोतबी शेकलं."

धाकटी रडता रडता हसली आणि मग सगळ्यांनाच हसू फुटले. फक्त मावशी हसली नाही. ती एकदम म्हणाली, "आज बाजार हाय. जवाई दोरं घेतल्याबिगर जाणार नाई. थोरली आष्टीतच सापडन."

राखून ठेवलेली काच माझ्यापाशी होतीच. शेजाऱ्यांनी एका शब्दावर गाडी जुंपून दिली, शेजारणीने पोरे सांभाळायला घेतली. तीन बहिणी, मावशी, मी आणि मांडीवर कॅमेरा, असे आम्ही निघालो. वाटेत धुके इतके दाट की बैलांची शिंगे दिसत नव्हती. मावशी सारखी पुढे वाकून बघत होती. आष्टी जवळ आली तेव्हा कुठे ऊन पडले.

जावई दोरांच्या दुकानापाशीच सापडले, घासाघीस करताना. थोरली गाडीत बसून संत्रे सोलत होती. आम्हाला बघून ती घाबरून खाली उतरली. "का झालं? बाबा बरे हायेत ना?"

"बाबा बरे हायेत. फोटो मेला," दुसरी म्हणाली.

"काल तं काढला ना?" जावयांनी विचारले.

"सासूबाईनं शेकला तुमच्या."

सगळा प्रकार ऐकून जावई इतके हसले की दोरवाल्याने त्यांचाच भाव मान्य केला. पण ते नुसते हसून थांबले नाहीत. बाजारामागे एका भिंतीवर कोवळे ऊन आले होते, तिथे त्यांनी जागा मोकळी करून दिली आणि घोंगडी आडवी पसरून गर्दी मागे रेटून धरली. गर्दीतल्या प्रत्येकाला फोटोत यायचे होते.

चौघी भिंतीशी उभ्या राहिल्या. कालची लुगडी बोचक्यात, केस वाऱ्याने विस्कटलेले, थोरलीच्या हातात अर्धे संत्रे. मावशी सवयीने माझ्या मागे यायला लागली. दुसरीने तिचा हात धरून ओढले. "तू इथंच उभी राह्य आमच्याजवळ. मोकळी सोडली तं अजून काही शेकशीन."

अशी मावशी फोटोत आली. मी सांगितले, "माझ्याकडे बघा, श्वास धरा." चौघींनी ऐकले. मावशीने त्याच क्षणी मान वळवून लेकींकडे पाहिले. दुसरी काच नव्हती.

ती काच मी आर्वीला नेऊन धुतली आणि उबेपासून दूर, अगदी सावकाश वाळवली. माझ्या हातून झालेल्या चांगल्या फोटोंत तो आहे. त्याचे श्रेय वाटायचे तर शेजाऱ्यांच्या बैलांना, घोंगडी धरून उभ्या राहिलेल्या जावयांना आणि दुसरीच्या फटकळ तोंडाला आधी जाईल. आणि काच शेकणाऱ्या मावशीला, कारण अंगणातल्या फोटोत चौघी थंडीने आखडलेल्या होत्या, भिंतीपाशी तशी एकही नव्हती. त्या माणसांनी मला परका समजून रागे भरायला हरकत नव्हती. त्यांनी मला गाडीत जागा दिली.

प्रती द्यायला गेलो तेव्हा मावशीने फोटो उंबऱ्यात बसून पाहिला. एकेकीवर बोट ठेवले. "चारीबी दिसून राह्यल्या."

"तुमचा चेहरा नाही आला मावशी. पदराआड गेला. तुमचा एकटीचा काढून देतो."

"माह्या चेहऱ्याचं का, तो घरीच हाय. कापूस आटपला की येजा."

कापूस आटपल्यावर गेलो तर तुरीची कापणी लागली होती. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर ती धाकटीच्या बाळंतपणाला भुसावळला गेली होती. यंदा भेटली, पण हात मातीचे होते आणि ती नाहीच म्हणाली. तिच्यासाठी एक कोरी काच मी वेगळी ठेवतो, जुनी झाली की बदलतो. तो फोटो काढायचा राहिला आहे.