नवाबाचं उपोषण

आपल्या घरातून आजवर कुणी उपाशी उठलेलं नाही, हे अहिल्याबाई कर्णिक स्वतःच सगळ्यांना सांगत असत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो बिचारा दर रविवारी ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हणायचा आणि दर रविवारी त्याच्या बोटांमधून तळलेली तुकडी ताटात घसरायची. त्यामुळे नात वल्लरी सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला बंगळुरूला निघाली आणि तिच्या ऑस्कर माशाचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा बाई तोऱ्यात म्हणाल्या, "आण माझ्याकडे. जेवायलाच तर घालायचंय!"

ऑस्कर म्हणजे वीतभर लांबीचा, काळा-नारिंगी, जबडेवाला शिकारी मासा. नाव नवाब. गुडगावहून दिल्लीत मयूर विहारला तो झाकणाच्या बादलीतून आला, हॉलमध्ये मांडलेल्या काचेच्या टाकीत उतरला, तळाशी कुशीवर आडवा झाला आणि त्याने अन्न सोडलं.

"आई, मी पुढच्या रविवारी येतो," मुलगा विक्रांत म्हणाला. "तोवर खाल्लं नाही तर माशांचा दुकानवाला त्याला परत घेईल. उपाशी मारण्यापेक्षा बरं. वल्लरीला मी सांगेन."

"तू काही सांगायचं नाहीस. मी तिला शब्द दिलाय."

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बाईंना दोन सवयी लावल्या होत्या. रोज डायरी लिहायची आणि समोरच्याच्या पानातला भोपळा संपेपर्यंत त्याच्यावरची नजर हटवायची नाही. नवाबाच्या वाट्याला दोन्ही आल्या. बाईंनी टाकीसमोर खुर्ची मांडली, वरचा दिवा लावला, चष्मा पुसला आणि मांडीवर डायरी उघडली.

"सोमवार. ८.०० बसले. कोळंबी, सोललेली, एक. तोंड फिरवलं. १.०० बसले. तीच कोळंबी बारीक करून. थुंकला. ६.०० बसले. चिमट्यात धरून नाचवली. माझ्याकडे बघत राहिला. मीही."

मंगळवारी गांडुळं झाली, बुधवारी माशाची फोड. मध्येच "खा रे राजा, एवढा एकच घास," अशी विनवणीही झाली, पण ती काही डायरीत उतरली नाही. दिवाळसणाला रुसलेला जावईसुद्धा चौथ्या आग्रहाला पाघळतो. नवाब आणखी मागे सरकून कोपऱ्यातल्या फिल्टरच्या नळीला चिकटला.

गुरुवारी कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी मंडळाच्या बायकांचं जेवण होतं. टॅक्सी खाली हॉर्न मारत होती. बाईंनी उभ्याउभ्याच कोळंबी टाकीत सोडली, दिवा मालवला आणि त्या पळाल्या. परत आल्यावर लिहिलं, "कोळंबी गायब. कौशल्या कामवालीने साफ केली असावी. विचारणे." आणि विचारायचं राहूनच गेलं, कारण सहा वाजले होते आणि खुर्ची वाट बघत होती.

शनिवारी दुपारी पराभवाचा अहवाल तयार करावा म्हणून त्यांनी मागची पानं चाळली. ते "विचारणे" तसंच पडलेलं दिसलं. कौशल्या पोछा मारत होती.

"गुरुवार को टंकी में से झींगा तुमने निकाला था?"

"मैं? उसमें हाथ डालूँगी?" कौशल्या पोछा सोडून उभीच राहिली. "वही खाया होगा, मांजी. आप घर पे थीं नहीं ना. ऐसे कोई मुँह पे बैठ के घूरे तो मुझसे भी ना खाया जाए."

बाईंना राग आला. मग त्यांनी पुन्हा पानं उलटली. बसले, बसले, बसले. सहा दिवसांत एकदाच बसल्या नव्हत्या. पाण्याचं तापमान, कोळंबीची लांबी, शेपटीचे झटके, सगळं नोंदलं होतं. फक्त काचेपलीकडे चष्मा लावून बसलेली, चिमटावाली, भली थोरली शिकारी बाई तेवढी नोंदीतून निसटली होती.

सहा वाजता त्यांनी दिवा मालवला, कोळंबी सोडली आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसल्या. पंधरा मिनिटं उठायचं नाही, असं ठरलं. चौथ्या मिनिटाला 'चुळुक' असा आवाज झाला. बाईंनी ओट्याची कड घट्ट धरली. अकराव्या मिनिटाला त्यांचा निर्धार संपला. स्वतःच्याच घरात चोरासारख्या भिंतीला धरून त्या हॉलच्या दारापर्यंत गेल्या. कोळंबी नव्हती. नवाब टाकीच्या मधोमध ऐटीत फिरत होता. बाई दिसताच तो पुन्हा नळीमागे गेला.

त्या आल्या पावली मागे फिरल्या आणि त्यांनी विक्रांतला फोन लावला.

"खाल्लं त्याने," त्या कुजबुजल्या. "तो आता इथेच राहणार. त्या दुकानवाल्याला कळव."

"अरे वा! पण तू हळू का बोलतेयस?"

"पचू दे त्याला. आणि उद्या येशील तेव्हा एखादा जाडसा पडदा आण, टाकीपुढे लावायला."

"त्याला उजेड सोसत नाही का?"

"त्याला सोसतो. मला बघितल्याशिवाय राहवत नाही. आणि हो, आल्या आल्या हॉलमध्ये ठाण मांडू नकोस."

"मग मी बसू कुठे?"

"स्वयंपाकघरात," अहिल्याबाई म्हणाल्या. "अजून एक स्टूल आहे."