साहेबांच्या वेळचा तडा

बर्मिंगहॅमच्या कॉलेजातली माझी साफसफाईची नोकरी वाचवली ती तिथली इमारत सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या पोर्टरनी. ते बजावायचे, “साहेबांना डाग खपत नाही हं.” साहेब येतील या धास्तीने मी महिनाभर फरश्या घासल्या. शेवटी विचारलं, “ते येतात कधी?” पोर्टर हसले. साहेब म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ही इमारत बांधणारे आर्किटेक्ट.

“कॉलेजं बांधण्यातच जन्म गेला त्यांचा. हे पुरं व्हायच्या आत वारले. शाळा तुझ्यासारखीच अर्धवट सोडलेली, पोरी.”

एकदा माझ्या हातून बादली पडून फरशीला तडा गेला. सुपरवायझर आली. इमारतीबद्दल एक अक्षर खोटं न बोलणारे पोर्टर शांतपणे म्हणाले, “हा साहेबांच्या वेळचाच.”

मी आता फरशी बसवायला शिकतेय. पोर्टर रिटायर व्हायच्या आत ती तडा गेलेली बदलून देईन, म्हणजे त्यांचं खोटं मिटेल.