सीटखालचा नारळ

गेल्या दसऱ्यापर्यंत बाबांकडून गाडीची किल्ली काढून घ्यायचीच, असं मी ठरवलं होतं. वय सत्त्याहत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि दसऱ्याच्या महिनाभर आधी त्यांनी सोसायटीच्या खांबाला दार घासलं होतं. भांडुपच्या टेकडीवर आमचं घर. उतार असा की रिक्षावालेसुद्धा वर यायला कुरकुरतात. आईला घेऊन ते खाली गेले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती.

बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होते. दर रविवारी सकाळी ते बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसून बघतात, कूलंट बघतात, स्टेपनीतली हवासुद्धा तपासतात. मग गाडी उतारावर उभी करून हँडब्रेक ओढायचा आणि त्याची कट-कट मोजायची. सहाच्या वर गेली की गॅरेज. मी हसायचे. म्हणायचे, "पार्किंगपुरता तर लागतो तो, बाबा." गाडी निघण्याआधी त्यांचा प्रश्नही ठरलेला: "पायाखाली काय नाय ना?" ड्रायव्हरच्या बाजूला बाटली नको, चप्पल नको, काही नको. तो प्रश्न माझ्या डोक्यात जायचा.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. हळदीकुंकू, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. नारळ मात्र आमच्याकडे गाडीपुढे फोडत नाहीत. पहिल्या फेरीला देवळात नेऊन तिथे वाढवतात. आज मी चालवते, असं मी जाहीर केलं आणि बाबा मुकाट्याने शेजारी बसले. मागे आईच्या मांडीवर पूजेचं ताट होतं, म्हणून नारळ मी माझ्या सीटखाली सरकवला.

"पायाखाली काय नाय ना?"

"नाही हो बाबा! किती वेळा विचारता!" मी खेकसले.

लिंबं चिरडून गाडी निघाली. वळणाच्या अलीकडे एक बाई भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबला, तर पेडल खाली जाईना. मध्ये काहीतरी टणक आलं होतं. पुन्हा दाबला. आमच्या दोघांच्या मधला हँडब्रेक बाबांनी हिसका न देता, थोडा थोडा करत वर ओढला. गाडी त्या बाईपासून दोन हातांवर थांबली.

"इंजिन बंद कर. गिअरमध्ये ठेव," ते म्हणाले.

मी उतरून वाकले आणि ब्रेकखालून नारळ ओढून काढला. आई देवाचं नाव घेत होती. मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. मी किल्ली बाबांपुढे धरली.

"तुम्हीच चालवा."

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "त्या दिवशी तो खांब मला दिसलाच नव्हता गो. तेव्हापासून ही किल्ली तुझ्याकडे द्यायची कशी, तेच सुचत नव्हतं."

नारळ आम्ही देवळात वाढवला. रविवारची तपासणी अजून बाबाच करतात, गाडी मी चालवते. निघताना शेजारच्या सीटवरून प्रश्न येतो. मी खाली वाकते, सीटखाली हात फिरवते आणि मगच गाडी सुरू करते.