पैठण रस्त्यावर मोडलेला उपवास

मी आठवीला विज्ञान शिकवतो. स्वादुपिंडाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढू शकतो. पण स्वतःचं स्वादुपिंड अर्धवट संपावर गेलंय, हे बायकोला सांगायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली.

दिवाळीनंतर सहज म्हणून रक्त तपासलं आणि शुगर निघाली. डॉक्टरांनी सकाळची गोळी लिहून दिली, गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटभर खायचं असं दोनदा बजावलं, आणि व्यायाम सांगितला. मी घरी येऊन सांगितलं, "सगळं नॉर्मल." कारण आमच्या मंगलच्या वडिलांचा पाय याच आजारात गेला. लग्नाआधी चार वर्षं तिनं रोज त्यांची जखम धुतली आहे. अजूनही घरात कुणाच्या तळपायाला काटा लागला तरी ती टॉर्च घेऊन बसते. म्हटलं, तीन महिन्यांत व्यायाम करून आकडा खाली आणू, मग हसत हसत सांगू.

त्याच आठवड्यात आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमधले खालच्या मजल्यावरचे जाधव पत्रक घेऊन आले. फेब्रुवारीत शंभर किलोमीटरची सायकल फेरी आहे, त्यातून जमणाऱ्या पैशांत गरीब घरांतल्या मधुमेही मुलांना इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या मिळणार. त्याआधी दर रविवारी गटानं सराव.

"चला सर, तुमचं पोट बी कमी व्हईल," जाधव म्हणाले.

मी लगेच नाव दिलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतून जुनी गिअरची सायकल ठीकठाक करून आणली. कॉलनीत वर्गणी मागताना "बिचाऱ्या मधुमेही लोकांसाठी" असं म्हणायलाही मला काही वाटलं नाही.

अडचण एकच होती. रविवारी आमच्याकडे सकाळी शिरा असतो. तूप सुटलेला, केळं घातलेला. तो कसा टाळायचा? मग मी उपवास काढला. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. फेरी होईपर्यंत दर रविवारी कडक उपवास, घरी परत येईपर्यंत फक्त पाणी. देवसुद्धा मी विचार करून निवडला होता, कारण खंडोबाचा नैवेद्य भरीत-भाकरीचा. उपवास सोडायलाही गोड नको. मंगलनं फक्त "बरं" म्हटलं आणि शनिवारी वांगी आणायला सुरुवात केली. जाधवांनाही हेच सांगावं लागलं, कारण जाधवांच्या पोटात काही राहत नाही आणि त्यांच्या सौभाग्यवती आणि मंगल भाजीला बरोबर जातात.

सराव क्रांती चौकातून पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. आम्ही आठ जण. म्होरक्या नाझिमा मॅडम, एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. वय पंचेचाळीस, अकराव्या वर्षापासून इन्सुलिनवर, आणि चढावर आम्हा सगळ्यांना मागं टाकणाऱ्या. निघण्याआधी त्या सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोचायच्या, आकडा बघायच्या आणि "चलो" म्हणायच्या. गटात आणखी दोघांना शुगर होती, तेही तसंच करायचे. मी तेवढा वेळ टायरची हवा तपासत असे.

पहिला रविवार दौलताबादचा. पंधराएक किलोमीटर, रस्ता चांगला, पण सहलीच्या गाड्या सुरू व्हायच्या आत किल्ल्यापर्यंत पोचलेलं बरं. त्यापुढे खुलताबादकडे जाणारा घाट आहे. नवख्यांनी पहिल्या दिवशी त्याच्या नादी लागू नये. मी लागलो, आणि तिसऱ्या वळणावर सायकल हातात धरून चाललो. गोळी मी पंपाच्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाशेजारी ठेवलेली. निघताना गोळी घ्यायची आणि थोडं पुढं गेल्यावर "जरा आलो" म्हणून एखाद्या लिंबाच्या झाडामागे उभ्या उभ्या दोन केळी आणि मूठभर फुटाणे खायचे, असा माझा बेत. तो व्यवस्थित जमला. बाकीचे लोक टपरीवर तीस रुपयांचे पोहे खायचे आणि माझ्याकडे आदरानं बघायचे.

पुढं त्या आदराचीच भीती वाटायला लागली. तिसऱ्या रविवारी नाझिमा मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही इतकं निभावताय, तर आज तुमच्या देवाकडंच जाऊ. साताऱ्याच्या खंडोबाला." बायपास ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी सातारा गाव आहे, तिथलं दगडी मंदिर जरूर बघा. कोरीव काम बघण्यासारखं आहे आणि सकाळी गर्दी नसते. मॅडम बाहेर आमच्या आठ सायकली राखत बसल्या. मी आत हात जोडले आणि देवाला म्हटलं, बाबा, तुला सगळं माहीत आहे, तू तरी बोलू नकोस. जाधवांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. तो घाम आला तरी संध्याकाळपर्यंत निघाला नाही.

सातव्या रविवारी पैठण होतं. जायचे पन्नास, यायचे पन्नास, म्हणजे फेरीची रंगीत तालीमच. जानेवारीची थंडी, हातमोजे असले तरी बोटं बधिर. स्टेशनवरून नक्षत्रवाडी, मग चितेगाव, मग बिडकीन. रस्ता सपाट आहे पण वाहनं फार, मागच्या बाजूला लाल दिवा पाहिजेच. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि मधूनच उसाचे ट्रॅक्टर वाट अडवत होते. मला सारखी झाडं दिसत होती, पण जाधव काही हलेनात.

"तुम्ही व्हा पुढं, मी जरा आलो," मी म्हटलं.

"नाय सर. आज लांबचा पल्ला हाय. उपाशी माणसाला एकटं सोडणं बरं नाय. मी बी थांबतो."

दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा जाधव माझ्याशेजारी उभे. बिडकीनला सगळ्यांनी मिसळ मागवली. जाधवांनी माझ्यासमोर खाणं नको म्हणून ताट घेऊन पाठ फिरवली. माझ्या पिशवीत केळी, पोटात पहाटेची गोळी, आणि पाठीमागं हा सज्जन माणूस. तिथंच खरं बोललो असतो तर पुढचं काही घडलं नसतं.

ढोरकीनच्या अलीकडे मला राग यायला लागला. कशाचा ते कळेना. समोरचा ट्रॅक्टर, जाधवांची घंटी, सगळ्याचाच. "ती घंटी वाजवू नका हो सारखी!" असं मी ओरडलो. जाधव चकित झाले, कारण त्यांच्या सायकलला घंटीच नव्हती. मग गार वाऱ्यात मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि सायकल आपोआप मातीत उतरली.

नाझिमा मॅडम मागं वळून आल्या. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला.

"सर, गोळी कोणती घेता?"

"कसली गोळी?"

"सर, हा घाम मी लहानपणापासून ओळखते. मेरे कू मत बताओ." बोलता बोलता त्यांनी माझं बोट टोचलंसुद्धा. आकडा चोपन्न. त्यांनी कमरेच्या पिशवीतून ग्लुकोजची पुडी काढली, फोडली, आणि माझ्या तोंडाजवळ आणली.

तेवढ्यात जाधवांनी त्यांचा हात धरला. "अवो मॅडम, काय करताय! उपास हाय त्यांचा. सात रविवार झाले, आता मोडायचा व्हय?"

"जाधवभाऊ, हात सोडा."

"देवाचं हाय, मॅडम!"

माझा मित्र माझ्या खोट्या उपवासासाठी भर रस्त्यात भांडत होता आणि मी समोर मातीत बसून कापत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. जीभ जड झाली होती तरी शब्द काढले. "उपास नाही, जाधव. कधीच नव्हता. शुगर आहे मला."

जाधवांनी हात सोडला. पुडी तोंडात गेली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, आकडा वर आला होता. पुढं शंभर पावलांवर एक रसवंती होती. रस काढणाऱ्या मावशींनी सगळं लांबून बघितलं होतं. त्यांनी रसाचा ग्लास दिला आणि तो संपायच्या आत घरच्या डब्यातली भाकरी-पिठलं पुढं ठेवलं. "खा भाऊ. लाजायला काय झालं? आमच्या हिकडं घरटी एकाला हाय शुगर." रसाचे वीस रुपये घेतले, भाकरीचे घेतले नाहीत. भाकरी खाताना मी जाधवांकडे बघत नव्हतो. ते मात्र माझ्याकडेच बघत होते.

"लिंबाच्या झाडामागं काय करायचे वो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"केळी खायचो."

जाधव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मीही हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते कुणी पाहिलं असेल तर असो.

पैठण मी एका मक्याच्या टेम्पोत पोत्यांवर बसून गाठलं, सायकल आडवी टाकून. जायकवाडीच्या पाण्याकाठी पक्ष्यांचे थवे उतरले होते. हिवाळ्यात जात असाल तर दुर्बीण न्या. एका विणकराच्या घरात हातमागावर मोराचा पदर चढत होता, तो पाहिला. बोटभर विणायला किती वेळ लागतो ते त्यानं सांगितलं, आणि किंमत विचारायचा माझा धीर झाला नाही.

परतीलाही मी त्याच टेम्पोत चढलो, तेव्हा नाझिमा मॅडम जवळ आल्या. त्यांनी बहुधा अशा खूप लोकांना पाहिलं असावं, कारण त्या रागावल्या नाहीत. "सर, एकच सांगते. घरात माहीत नसेल तर पुढच्या रविवारी येऊ नका. फेरीतपण नाही. रस्त्यात मी आहे, घरात कोण बघणार?"

जाधव म्हणाले, "मी नाय सांगणार. पण आज संध्याकाळपर्यंतच हां. त्याच्या पुढं माझ्याच्यानं व्हायचं नाय."

दुपारी तीनला घरी पोचलो. स्वयंपाकघरातून भाजलेल्या वांग्यांचा वास येत होता. मी बूटही न काढता उंबऱ्यात बसलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. तपासणी, गोळी, केळी, चोपन्न, सगळं. वडिलांच्या पायामुळे सांगितलं नाही, हेही सांगितलं.

 मंगल खाली बसली, तिनं माझे बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही तळपाय उलटसुलट करून नीट बघितले.

"गोळ्या कुठं ठेवता?"

"शाळेत. प्रयोगशाळेच्या कपाटात."

"उद्यापासून घरात ठेवायच्या. आणि गोळी घेतली की माझ्यासमोर खायचं." एवढं बोलून ती उठली आणि ताटं वाढायला लागली. भरीत, भाकरी, कांद्याची पात. दोन ताटं.

मी म्हटलं, "तू अजून जेवली नाहीस? तीन वाजले."

"जेवणार कशी? उपास सुटायचा होता ना."

"कुणाचा?"

"माझा." तिनं माझ्याकडे न बघता भाकरी मोडली. "तुम्ही उपाशीपोटी घाट चढणार आणि मी इथं बसून शिरा खायचा? पहिल्या रविवारपासून धरलाय. तुम्हाला सांगितलं असतं तर नको म्हणाला असता."

पैठणला कसं जायचं, कुठं थांबायचं, ते वर सांगितलंच आहे. सहा रविवार मी झाडामागे केळी खाल्ली आणि ती सातही रविवार इथं नुसत्या पाण्यावर माझी वाट बघत होती. मी मोडलेला घास ताटातच ठेवला. "खा आता," ती म्हणाली, "दोघांचाही सुटू दे."