काढलेला भाग परत मिळेल

माझ्या मावशीच्या दुकानात एकच पाटी होती: 'काढलेला भाग परत मिळेल.' संगणक दुरुस्त करणारा आपला चांगला भाग काढून घेईल आणि भंगार बसवेल, ही लोकांची कायमची धास्ती. म्हणून मावशी जळकी वायर काढली तरी ती पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची. पस्तीस वर्षं तिने हा नेम पाळला. मोडला तो फक्त नवऱ्यासाठी, आणि मला विचाराल तर मीही तेच केलं असतं.

दुकान म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. खिडकीशी टेबल, त्यावर भिंग, चिमटे आणि धूर ओढणारा छोटा पंखा. काका, म्हणजे मावशीचे यजमान, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. आवाज असा खणखणीत की त्यांनी "ब्रेक!" म्हटलं की रस्त्यावरचे सायकलवालेही थांबायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा स्वभावच. नेमकं अशा माणसाच्या घशात दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस मावशीने त्यांना माइकसमोर बसवून त्यांचा आवाज भरून घेतला.

तेव्हा चिप बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांची जुंपली होती. मावशी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची, जणू एका घरातल्या जावाच. धाकटीने अशी चिप काढली की तुम्ही एखादं अक्षर टाइप करावं आणि तिने तुमच्या सवयीचं वाक्य पुरं करावं, हवं तर तुमच्याच आवाजात बोलूनही दाखवावं. तुमच्या सवयी चिपच्या पोटातच राहतात, बाहेर कुठे जात नाहीत, अशी तिची जाहिरात होती. थोरलीने लगेच तसलीच चिप निम्म्या किमतीत आणली. धाकटीने किंमत आणखी उतरवली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! लोकांनी हौसेने घरोघरी बोलक्या चिपा बसवून घेतल्या. मावशीने काकांच्या टाइप करायच्या छोट्या यंत्रात एक बसवली आणि काका पुन्हा बोलू लागले.

तिसऱ्याचा लाभ किती दिवस टिकतो, ते मात्र म्हणीत सांगितलेलं नाही. चार वर्षांत धाकटी थकली. थोरलीने तिला विकत घेतलं, तिचा कारखाना बंद केला आणि किमती होत्या त्याच्याही वर नेऊन ठेवल्या. भरून ठेवलेला काकांचा आवाज फक्त धाकटीच्या चिपवर चालायचा. मावशीने थोरलीच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

"काही काळजी करू नका मॅडम. आमच्या चिपवर सरांचा आवाज नव्याने भरून घ्या."

"कुठला आवाज, बाई?" मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

थोरलीने धाकटीच्या जुन्या चिपा निकामी ठरवल्या, तेव्हा सगळं गाव बदलून घ्यायला मावशीकडे आलं. मावशी नवी चिप बसवायची आणि जुनी परत द्यायची नाही. कुणी मागितली असती तर दिली असती, पण स्वतःहून ती पाकीट पुढे करेना. पाटी तशीच भिंतीवर होती. त्यांतल्या अजून धड असलेल्या सहा चिपा तिने गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत जमवल्या आणि प्रत्येक डबीवर पेन्सिलीने खूण लिहिली. काकांची स्वतःची चिप जळाली, तशी ती डबी उघडून पुढची बसवू लागली. आवाज यंत्रात भरलेला, म्हणून तो काकांचाच राहिला. पण चिपच्या पोटातल्या सवयी परक्या होत्या, आणि त्या पुसायची सोय थोरलीने केव्हाच बंद केली होती. पदरी पडलं, पवित्र झालं.

पहिली चिप शिंप्याची होती. काका बिस्किट मागायला गेले की "बाही दोन बोटं आखूड करू?" असं निघायचं. आम्ही पोट धरून हसायचो, काकाही हसायचे. दुसरी दाताच्या डॉक्टरांची. "दुखलं तर हात वर करा," असं काका पाहुण्यांना म्हणायचे. पूर्ण वाक्य अक्षर न अक्षर टाइप केलं तर काकांना स्वतःचं बोलता यायचं, पण त्यांची बोटं दमायची. एकेक चिप वर्षभर चालायची आणि विझायची.

सहावी बसवली तेव्हापासून आमचं हसू बंद झालं. त्या डबीवर 'शिक्षिका, वारल्या' असं लिहिलेलं होतं. या चिपची वाक्यं ठिकाणावर असायची. मी भिजून आले की काका म्हणायचे, "पदराने नको पुसूस, टॉवेल घे." मावशी जेवायची टाळायला लागली की म्हणायचे, "दोन घास तरी खा, माझ्यासाठी." काकांनी उभ्या जन्मात असं कुणाला म्हटलं नव्हतं. एकदा मी टेबलाशी गप्प बसले होते. माझ्या नोकरीचं बिनसलेलं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. काकांचा आवाज मागून म्हणाला, "रडायचं असेल तर रडून घे, मी बघत नाही." मी वळून पाहिलं. काका लिहायची दगडी पाटी पुढे करून भराभर लिहीत होते: 'मी फक्त र दाबला. रेडिओ लाव म्हणणार होतो.' मला भीती वाटली, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

मग एका दुपारी एक बाई कीबोर्ड दुरुस्तीला घेऊन आली. काम झालं, ती पैसे देऊन निघाली. काकांना 'पावती घ्या' म्हणायचं होतं. त्यांनी प दाबला.

"पोचलीस की दोनदा रिंग दे," काकांचा आवाज म्हणाला. "मी उचलणार नाही, नुसती ऐकेन."

बाई उंबऱ्यावरच थांबली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तिने विचारलं. "आई मला रोज हेच लिहायची. तिची बोटं वळायची नाहीत, ती एकच अक्षर दाबायची. ती गेल्यावर मीच तिचा संगणक इथे आणला होता, चिप बदलायला."

मावशीने चिमटा खाली ठेवला. बाईची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली.

"काढलेला भाग परत देता ना तुम्ही?"

मावशी खोटं बोलू शकली असती. 'टाकून दिली' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने काकांकडे पाहिलं. डब्या संपल्या होत्या. ही चिप गेली की काकांचा आवाज पुन्हा कधीच बोलणार नव्हता, आणि हे त्या खोलीत बाईला सोडून आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"तुझ्या आईची चिप आहे माझ्याकडे," मावशी म्हणाली. "यांच्या यंत्रात आहे. चोरलीच म्हण."

बाईने काकांच्या गळ्यावरची खूण पाहिली आणि तिला सगळं कळलं. ती घाईने म्हणाली, "नको, राहू दे, राहू दे."

काका टाइप करू लागले. 'घेऊन जा' म्हणायचं होतं त्यांना. पहिलंच अक्षर पडलं आणि यंत्र बोललं, "घाबरू नकोस. मी आहे ना."

"हो, आई," ती बाई म्हणाली. पन्नाशीची बाई, लहान मुलीसारखी. मग तिने तोंडावर हात ठेवला.

काकांनी यंत्र बंद केलं. झाकण त्यांनी स्वतःच उघडलं आणि मावशीपुढे सरकवलं. मावशीने चिप काढली, पाकिटात घातली आणि नेमाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. ती रडली नंतर, स्वयंपाकघरात.

त्याला आता दोन वर्षं झाली. काका पाटीवर लिहितात. घरात काकांचा आवाज नाही, याची सवय मला अजून झालेली नाही. परवा मी निघाले तेव्हा मावशी टेबलावर वाकून काहीतरी जोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पोचलीस की दोनदा रिंग दे."

मी दारातच थांबले. "मावशी, तू कधीपासून असं म्हणायला लागलीस?"

"मी?" तिने भिंग बाजूला केलं. "मी कुठे काय म्हणाले?"

काकांनी खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मी घरी पोचले, दोनदा रिंग दिली. तिकडून कुणी उचललं नाही.