ब्रश कशाचा आहे, विचार त्याले

काकाजींनी माझं मनगट धरलं. ब्रश गालापासून वीतभर लांब होता. फेसाचा गोळा टॉवेलवर पडला. ते काहीतरी बोलले, पण मला नुसती हवा ऐकू आली. ऑपरेशनमध्ये त्यांची अर्धी जीभ गेली होती. त्यांचं बोलणं फक्त त्यांच्या बायकोला, काकीजींना समजायचं. त्या दारात बसून पेज गाळत होत्या.

"ब्रश कशाचा आहे, विचारून राहिले."

"केसाचा," मी म्हणालो.

पुन्हा हवा.

"कोणाच्या केसाचा?"

मी खरं ते सांगितलं. डुकराच्या. आमच्या सलूनमधले सगळे चांगले ब्रश तेव्हा तसलेच होते. डुकराचा केस राठ असतो, पाणी धरतो, फेस घट्ट येतो.

मग क्रीम कशाचं, तेही त्यांनी विचारलं; ते मला माहीत नव्हतं. काकाजींनी मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दाढी सुरू व्हायच्या आधीच संपली.

मी मूळचा अक्कलकोटकडचा. शाळा सातवीत सुटली. मामाच्या ओळखीने गोंदियाला आलो तेव्हा इथली भाषा कळत नव्हती, 'काऊन' म्हणजे 'का' हे शिकायलाही वेळ लागला. गोंदियाला लागूनच कुडव्याला गोपाळभाऊंचं सलून होतं. त्यांनी मला मागची खोली दिली, उस्तरा हातात दिला, आणि बाहेरचा म्हणून कधी ताटात कमी वाढलं नाही. त्यामुळे त्यांचं जुनं गिऱ्हाईक माझ्या हातून दुखावलेलं मला चालायचं नाही. काकाजी हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. गोंदियाजवळच्या दवनीवाड्याचे, धानाची शेती. आयुष्यभर खर्रा खाल्ला, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला. मग गालाला कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं. गालाची भोकं बुजवायला छातीची कातडी वर आणून शिवली. काही महिन्यांनी आजार परत आला आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

छातीची कातडी गालावर लावली की छातीचे केस गालावर वाढतात. हे मलाही आधी माहीत नव्हतं. एका बाजूला दाढी, एका बाजूला छातीचे केस, मध्ये शिवणीचा खड्डा, आणि जबड्याखाली एक छिद्र. त्यातून लाळ गळायची. रोज ड्रेसिंग करायला सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर यायच्या. केसांवर पट्टी चिकटत नाही. पट्टी सुटली की माशी बसते. माशी बसली की अळ्या.

एकदा झाल्या होत्या. सिस्टरने टर्पेंटाइन टाकलं आणि चिमट्याने एकेक काढल्या. टर्पेंटाइनने अळ्या मरतात. काकाजींनी ते पाहिलं आणि दिवसभर तोंडात पेजेचा थेंब घेतला नाही. कारण ऑपरेशननंतर त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. आधी नवेगाव बांधच्या तलावातली मासोळी चवीने खाणारा माणूस, पण उपदेश घेतल्यावर मुंगीलाही वाट द्यायचा. माझ्या अंगावर पुन्हा जीव मारू नका, एवढं एकच त्यांनी घरच्यांकडे मागितलं होतं.

म्हणजे दाढी झाली नाही तर अळ्या होणार, आणि अळ्या झाल्या तर त्या मारणार. आणि दाढी करायची ती डुकराच्या केसाने. काकाजी मधल्या मध्ये अडकले होते.

त्यांचा मुलगा दिलीप संध्याकाळी सलूनवर आला.

"काऊन सांगितलं तू? नायलॉनचा आहे म्हणाला असता तर काय बिघडत होतं?"

मग तो भाऊंकडे वळला.

"आता असं करा गोपाळभाऊ. नवी डबी घ्या, तिच्यात तेच क्रीम भरा, अन् हा म्हणेल शुद्ध आहे. बाबूजी कायले तपासून राहिले?"

गोपाळभाऊ एकाची मिशी कापत होते. कात्री थांबली.

"दिलीप, तुझ्या बापानं आजपर्यंत डोळे मिटून गळा माझ्या उस्तऱ्यापुढं केला. आता त्याले बोलता येत नाही म्हणून मी फसवू काय?"

"मग अळ्या होऊ द्या."

"नाही होऊ देत. हा शोधते." हा म्हणजे मी. "पण दुकान सोडून नको शोधू रे. दुपारी जा."

ब्रश लगेच मिळाला. नायलॉनचा ब्रश बाजारात होताच, फक्त आम्ही न्हावी त्याला नाक मुरडायचो, कारण तो पाणी धरत नाही. ट्रिमरही लावून पाहायचं म्हटलं, पण सिस्टर नको म्हणाल्या. त्याने खुंट राहतो आणि शिवणीच्या खड्ड्यात तो जात नाही.

क्रीमचं अवघड होतं. दाढीच्या क्रीममध्ये स्टिअरिक अ‍ॅसिड नावाची वस्तू असते, फेस टिकतो तो तिच्यामुळे. ती चरबीपासून बनते. चरबी ताडाच्या तेलाची असू शकते, जनावराची असू शकते. डबीवर तेवढं लिहीत नाहीत. मी एकेक इंग्रजी अक्षर जोडून वाचायचो आणि दुकानदार वैतागायचा.

"भैया, लेना है क्या? इसमें कोई जानवर नहीं बैठा है."

"हिरवा ठिपका कुठे असते यावर?"

"वो बिस्कुट पे रहता है. ये क्या तू खाएगा?"

डबीवर कंपनीचा फोन नंबर होता. बऱ्याच वेळ गाणं वाजलं, मग एक बाई बोलल्या.

"सर, आप वेजिटेरियन हैं?"

"मैं नहीं, गिऱ्हाईक."

"तो सर, उनसे कहिए खाएँ नहीं. बाहर लगाने के लिए है."

चरबी कशाची ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नसणार.

मेडिकलवाला ओळखीचा होता. तो म्हणाला, "तू अर्धंच पाहून राहिला. समज त्यात चरबी नाही. पण बाजारात आणायच्या आधी सशाच्या डोळ्यात घालून पाहिलं असेल तर? जळजळ होते काय ते बघाले."

मला खोटं वाटलं. खरं होतं. तेव्हा मला समजलं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, मालात जनावराचं काही नसणं, त्याला व्हीगन म्हणतात. दुसरी, माल बनवताना जनावराला छळलेलं नसणं, त्याला क्रुएल्टी-फ्री म्हणतात. पहिली असून दुसरी नसू शकते, आणि उलटही. तेव्हा गोंदियात दोन्हींची खात्री देणारी डबी मला सापडली नाही.

शेवटी ग्रामोद्योगाच्या दुकानात एक पांढरी वडी मिळाली. कागदावर बनवणाऱ्या बाईंचा नंबर होता. फोन लावला.

"कशाचा आहे जी साबण?"

"खोबऱ्याचं तेल, कॉस्टिक, पाणी. अजून काय राहते साबणात?"

"अन् आजमावला कोणावर?"

"माझ्या नवऱ्यावर. जिवंत आहे अजून."

वडी घेतली. आधी स्वतःच्या तोंडावर करून पाहिलं. खोबऱ्याच्या साबणाचा फेस खूप येतो पण लवकर बसतो आणि कातडी ओढल्यासारखी होते. म्हणून आधी कोमट पाणी, मग खोबरेल तेलाचा हात, मग फेस, तोही एका वेळी दोन बोटांएवढ्याच जागेवर. ब्लेड नवं. नंतर तुरटी नाही, जखमेजवळ ती झोंबते. आठवडाभर मी रोज दाढी केली. गोपाळभाऊ म्हणाले, "नवरदेव, आता दाढी येऊ तर दे."

दवनीवाड्याला गेलो. काकाजी बसते झाले होते. मी एकेक वस्तू दाखवली. नायलॉन. खोबरं. स्टीलचं ब्लेड, प्लॅस्टिकची मूठ. बाईंच्या नवऱ्याचं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसू आलं, निम्म्या चेहऱ्यावर तेवढंच येऊ शकत होतं. मी टॉवेल बांधला. तेल हातावर घेतलं. आणि त्यांचं बोट वर आलं.

ते माझ्या मांडीजवळ दाखवत होतं. तिथे धोकटी होती. न्हाव्याचं सामान ठेवायची चामड्याची पिशवी. गोपाळभाऊंच्या वडिलांची. मी घरोघर जायला लागलो तेव्हा भाऊंनी ती मला दिली होती. इतके दिवस मी चरबी शोधत फिरलो, आणि सगळा शुद्ध माल चामड्यात घालून घेऊन आलो.

काकीजींनी कपाळावर हात मारला. "अरे पोरा!"

काकाजी रागावले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली. काकीजी म्हणाल्या, "धुऊन चालेल काय, विचारू?" मी नको म्हटलं. नाही ते नाही.

परत येताना रस्ताभर मला भाऊंचीच भीती वाटत होती. त्यांच्या बापाची वस्तू मी आता नाकारणार होतो. दुकानात शिरलो आणि एका दमात सांगून टाकलं. भाऊंनी धोकटी माझ्या हातातून घेऊन खुंटीला टांगली. मग आतून जेवणाचा स्टीलचा डबा आणला.

"यात ने. सामान सगळं नवं घे, त्यातलं काही नको. चामडं काही रुसत नाही. माणूस रुसते."

दुसऱ्या दिवशी दाढी झाली.

कठीण दाढी होती. छातीच्या कातडीला स्पर्श कळत नाही, त्यामुळे कापलं तरी माणूस हुं करत नाही, आपणच पाहायचं. जुन्या गालाला मात्र नुसता बोटाचा भार सहन होत नव्हता. वासही होता. तो लिहीत नाही. दर दोन बोटांनंतर मी थांबायचो, ते पापणी मिटायचे, म्हणजे कर पुढे. सिस्टर आल्या, त्यांनी पट्टी लावली. चारी कडा बसल्या.

मग मी एक दिवसाआड जाऊ लागलो. पट्टी टिकली. अळ्या पुन्हा झाल्या नाहीत. दिलीप मला चहा पाजायचा, गाडीपर्यंत सोडायला यायचा. काकाजी 'दंडवत' म्हणायचे, त्यांच्या पंथात नमस्कार असाच करतात. एवढा एक शब्द मलाही समजायला लागला होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

एकदा दाढी झाल्यावर त्यांनी उशीखालून गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. काकीजींनी सांगितलं, "तू पाहून सांग म्हणून राहिले. यात काही नाही ना?"

ती दुखण्याची कॅप्सूल होती. तिच्यावरच ते झोपत होते. कॅप्सूलचं कव्हर जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मेडिकलवाल्याने सशाचं सांगितलं त्याच दिवशी मला तेही सांगितलं होतं.

दिलीप दारात उभा होता. त्याने मान जोरात हलवली. नको सांगू.

काकाजी माझ्याकडे पाहत होते. मी सांगितलं.

त्यांनी पट्टी काकीजींकडे दिली. त्या दिवसापासून कॅप्सूल बंद. कव्हर फोडून आतली पूड पाण्यातून देऊन पाहिली, तर ती तोंडातल्या जखमेला आगीसारखी लागली. नागपूरचे डॉक्टर आठवड्यातून एकदा गोंदियाला यायचे, आणि ते नुकतेच येऊन गेले होते. फोन त्यांचा लागेना. मधले दिवस काकाजींनी बिनऔषधाचे काढले. मी गेलो तेव्हा ते खाटेची दोरी दातांत धरून होते, होते तेवढ्या दातांत. दाढी करता येण्यासारखी नव्हती. मी डबा न उघडता बसून राहिलो.

दिलीप मला अंगणात घेऊन गेला.

"तू न्हावी आहेस ना? मग हजामत कर. डॉक्टर कायले बनून राहिला?"

मी डबा घेऊन सलूनवर परत आलो.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि एका मिनिटात थेंबांचं औषध लिहून दिलं. कव्हर नाही, पूड नाही. ते गोंदियातच मिळत होतं. आधीपासून मिळत होतं. काकाजींनी मला पुन्हा पाहायला लावलं. मी अक्षर अक्षर जोडून वाचलं आणि मला समजलं तेवढं सांगितलं. ते रात्रभर झोपले म्हणे.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. धान कापणीला आलं होतं तेव्हा गेले. पट्टी शेवटपर्यंत बसलेली होती.

दिलीपचा फोन सलूनवर आला. शेवटची दाढी करायची होती. "त्याले नका पाठवू," तो म्हणाला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी येतो," म्हणाले. मग माझ्या कप्प्यापाशी आले, स्टीलचा डबा उचलला, आत वडी आहे का ते उघडून पाहिलं, आणि गाडीला किक मारली.

दुपारी परत आले. नायलॉनचा ब्रश नळाखाली धुतला, झटकला, वाळत उभा केला.

"पाणी धरत नाही साला," म्हणाले. "पण होते."

मग पुढच्या गिऱ्हाईकाला चादर बांधता बांधता म्हणाले, "त्या साबणवाल्या बाईचा नंबर भिंतीवर लिहून ठेव. तिथं मयतीला आलेले दोघं या साबणाचं विचारून राहिले होते."

मी लिहिला. आज आमच्याकडे अशी दाढी मागणारे बरेच आहेत, त्यांत कॉलेजची पोरं जास्त. त्यांना मी वस्तू दाखवतो, विचारतील ते खरं सांगतो. ब्रशचं खरं सांगितलं तेव्हा दुसरा ब्रश बाजारात होता. कॅप्सूलचं सांगितलं तेव्हा दुसरं औषधही बाजारात होतं, मला ते माहीत नव्हतं एवढंच. तेवढ्याची किंमत काकाजींनी मोजली. म्हणून आता कोणी औषधाची पट्टी पुढे केली, तर आधी म्हणतो, डॉक्टरला फोन लावा, याच्या बदल्यात काय मिळते ते विचारा. मग मी वाचतो.