जित्या माणसाच्या फोटोला हार

गोंदियात सैनिकी इतिहासाचं संग्रहालय निघालं, तेव्हा मला वाटलं, चला, गावात एक तरी बरं काम झालं. हे मत उद्घाटनाच्या दिवशी दारातून आत जाईपर्यंत टिकलं.

दारातच तोफ होती. पाण्याच्या पाइपाला काळा रंग मारला की आमच्याकडे तोफ तयार होते. पुढे खंदक, म्हणजे राईस मिलच्या पोत्यांत कोंडा भरून रचलेली भिंत. पोत्यांवर मिलचा छापा जसाच्या तसा. आत पहारा देणारा जवान म्हणजे कपड्याच्या दुकानातला पुतळा, गोरापान, गुलाबी ओठांचा, एक हात कमरेवर. त्याच्याजवळ सेल्फीसाठी रांग. मंचावर शाळकरी पोरांची वेशभूषा स्पर्धा आणि डीजे असा की खरी लढाई यापेक्षा शांत असावी.

तेही मी गिळलं असतं. पण त्या संग्रहालयाच्या भिंतीवर माझ्या वडिलांचा फोटो लागणार होता, म्हणून आम्ही बापलेक फुलचूरहून ऑटो करून आलो होतो.

वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले. फोटो त्यांचा एकट्याचा नव्हता. शेजारी त्यांचा जोडीदार होता, जंगलपट्ट्यातला गोंड पोरगा, वडिलांच्या खांद्यावर हात टाकून हसणारा. तो लढाईत गेला. त्याच्या घरी त्याचा दुसरा फोटो नाही, जगात हा एकच. दर भाऊबीजेला वडील तो खिशात घालून त्याच्या धाकट्या बहिणीकडे जात. ती आधी फोटोला ओवाळायची, मग वडिलांना. संग्रहालयवाल्यांनी जुने फोटो मागितले तेव्हा मी म्हटलं, कॉपी काढून द्या. वडील ऐकतात कुठं! "नाई व, खराच देतो. लोकाईले दिसू दे माया दोस्त." दोस्ताच्या त्या बहिणीलाही त्यांनी बोलावून घेतलं. ती आमगावपर्यंत बसनं आणि पुढं गाडीनं आली, पदराला कुंकवाची पुडी बांधून.

भिंतीपाशी गेलो आणि मी बघतच राहिले. फ्रेममध्ये वडील एकटे. वर चंदनाचा हार! मेला कोण, जिवंत कोण, काही विचारपूस नाही, सगळ्या फोटोंना घाऊक हार घातलेले. खाली सोनेरी अक्षरांत 'अमर वीर'. अमर वीर माझ्या शेजारी चष्मा पुसत उभे होते.

मी जाब विचारणार, तोच माइकवरून हुकूम सुटला, हुतात्म्यांसाठी मौन पाळा. वडील सवयीनं ताठ सावधानमध्ये गेले. मंचावरचे पाहुणे मोबाइल बघत मौन पाळत होते. मौन संपल्यावर वडील हळूच म्हणाले, "पोरी, आपल्याच मयतीले हजर हावो मी."

मला काही हसू आलं नाही. मी संयोजकाला गाठून वडिलांसमोर उभं केलं. छातीवर रिबिनीचं फूल लावून तो मिरवत होता.

"अरे, बाऊजी जिंदा हैं?" म्हणत तो वडिलांच्या पाया पडला आणि वर फोटोग्राफरला हाक मारली.

"फोटोतला दुसरा माणूस कुठं गेला?" मी विचारलं.

"मॅडम, फ्रेमा सगळ्या एकाच साइजच्या आल्या. दोघं बसत नव्हते. तो साइड का आदमी काट दिया."

"आणि कापलेला तुकडा?"

"वो तो कचऱ्यात गेला असेल ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साइड का आदमी! जो देशासाठी मेला तो कचऱ्यात आणि जो जगला त्याला हार! अक्कल काय मिलमध्ये भरडायला टाकली होती का, असं मी तोंडावर विचारलं, ओरडून विचारलं. डीजे पुन्हा सुरू झाल्यामुळे एवढं छान भाषण एकट्या त्यानंच ऐकलं.

बहिणीला आता काय सांगायचं, एवढीच वडिलांना धास्ती. ती फोटोसमोर उभी राहून, नाक काचेला टेकवून भावाला शोधत होती. शेजारी 'हात लावू नये'ची पाटी. ती वाचायला तिला सवड नव्हती. बराच वेळ तसंच पाहून तिनं वडिलांची बाही ओढली.

"दादा, हे माळ काढ ना. माया भावाचा हात झाकला."

वडिलांनी हार बाजूला केला. फोटोत त्यांच्या खांद्यावर बोटं होती, कात्रीतून वाचलेली. तिनं पुडी सोडली आणि काचेवरून त्या बोटांना कुंकू लावलं. मग नेहमीसारखंच, त्याच्यानंतर वडिलांच्या कपाळाला. मला रडू आवरेना.

वडिलांनी हार संयोजकाच्या हातात दिला आणि फ्रेम खिळ्यावरून उतरवली.

"बाऊजी, ये तो म्यूझियम की चीज है," संयोजक आडवा आला.

वडिलांनी फ्रेम बहिणीच्या हातात ठेवली.

"पाहिजे त मी राहतो इथं, तुमच्या पुतळ्यापाशी उभा," ते म्हणाले. "हा माया दोस्त आता आपल्या बहिणीघरी जाऊन राहिला."